बार काढायच्या आधी

सणसरच्या पुढं, कालव्याच्या वरच्या अंगाला आमची वस्ती आहे. ज्वारी हुरड्यात आली आणि पेरू पिकायला लागले की राघूंचे थवे उतरतात आणि दिवसभर बार सुरू होतात. कुणी सुतळी बॉम्ब लावतं, पण बहुतेकांकडं पाइपची तोफ असते. जाड प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचे खडे, वर पाण्याचे थेंब आणि मागं लायटरचं बटण. दाबलं की ढाम्. राघू उडून शेजारच्या रानात बसतात, तिथं ढाम् झालं की परत पहिल्या रानात येतात. नीट पाहिलं तर आम्ही सगळे दिवसभर एकमेकांकडं राघू पाठवत असतो. पण हे कुणाला सांगून पटत नाही. ज्याच्या हातात तोफ असते त्याला आपणच राघू हाकलले असं वाटतं.

आम्हाला त्या आवाजाची सवय आहे. मी शाळेतून निवृत्त झाले तरी वस्तीवरची मुलं संध्याकाळी माझ्या ओसरीवर अभ्यासाला येतात. सातचा पाढा चालू असताना बार झाला तर मूल ‘सात चोक’वर थांबतं, आवाज विरू देतं आणि मग शांतपणे ‘अठ्ठावीस’ म्हणतं. कुणाची पापणीही हलत नाही.

अशा दिवसांत धम्मदीप पलटणीतून कायमचा घरी आला. तो माझा विद्यार्थी. इंजिनिअर पलटणीत हवालदार होता आणि जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढण्याचं काम करायचा. सुट्टीला तो नेहमी उन्हाळ्यात यायचा, त्यामुळं इतक्या वर्षांत पौषातली वस्ती त्यानं ऐकलीच नव्हती.

पहिल्या सकाळी त्याची आई पुतळाबाई त्याला चहा देत होती. तेवढ्यात पलीकडच्या रानात तानूबाईनं तोफ उडवली. पुढच्या क्षणी पुतळाबाई खाटेखाली होती, तिच्यावर पोरगा आडवा झाला होता आणि दोघांवर मिळून चहा सांडला होता. पुतळाबाई हे सांगायला माझ्याकडं आली तेव्हा तिच्या केसांत चहाची पावडर तशीच होती.

“पाया पडाय वाकला म्हणून मी आशीर्वादाला हात उचलला बाई,” ती म्हणाली, “तर मलाच खाटंखाली घातलं.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, त्यानंतर तो रात्रभर खाटेवर बसून राहिला, झोपला नाही.

दुसरा प्रकार रामहरीआबाचा. तानूबाईचा नवरा. त्याची ज्वारी आणि धम्मदीपची पेरूची बाग यांच्यामध्ये फक्त तीन रानं आणि एक पाण्याची चारी. त्या दिवशी बावड्याला आबाचा आदर्श शेतकरी म्हणून सत्कार होता. कडक इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा आणि भगवा फेटा अशा थाटात तो चारीच्या काठानं निघाला. धम्मदीप बागेत होता. त्याला फेटा कसा बसलाय हे दाखवायला आबा मुद्दाम थांबला आणि वळून उभा राहिला. तेवढ्यात तानूबाईनं बार काढला.

धम्मदीपनं झेप घेतली आणि आदर्श शेतकरी चारीत गेला. फेटा पाण्याबरोबर खाली वाहत निघाला. आबा चिखलातून मान वर काढून अगदी मनापासून विचारत होता, “हवालदार, माझं काय चुकलं?”

धम्मदीपचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं आबाला हात देऊन वर काढलं, हात जोडून माफी मागितली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

आबा तसाच थबथबत माझ्या ओसरीवर तक्रार घेऊन आला. वस्तीवर भांडण झालं की लोक माझ्याकडं येतात, कारण मी सगळ्यांना लहान असताना पाहिलं आहे. मुलांचा अभ्यास चालू होता, त्यांनी पुस्तकं तोंडावर धरली आणि पुस्तकं हलायला लागली. मी आबाला बसायला पोतं दिलं आणि वर्गात विचारावं तसं विचारलं.

“पडताना खाली कोण होतं?”

“मी.”

“वर कोण?”

“त्यो.”

“त्याचे हात कुठं होते?”

आबानं स्वतःचं डोकं चाचपलं. “माझं डोस्कं धरलं व्हतं दोन्ही हातांनी. छातीशी.”

“मग त्याची पाठ कुठल्या बाजूला होती?”

आबानं मान वळवून मागं पाहिलं. त्याच्या सदऱ्याचं पाणी फरशीवर टपटपत होतं. “आवाजाकडं,” तो म्हणाला. मग उठला आणि कपडे न बदलता बावड्याला गेला. सत्काराला उत्तर देताना तो ज्वारीबद्दल एक शब्द बोलला नाही म्हणे. आमच्या वस्तीवरचा एक हवालदार माझ्यासाठी कसा मरायला निघाला होता हेच त्यानं सगळ्या सभेला सांगितलं, आणि ती तोफ आपल्याच बायकोची होती हे मात्र सांगायचं राहून गेलं.

पण धम्मदीपचं मन उठलं. पुण्यात एका इमारतीत पहारेकऱ्याची नोकरी त्यानं फोनवर पक्की केली. गाड्या लावायची जागा, जमिनीखाली दोन मजले. तिथं वरचा कसलाच आवाज येत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. संक्रांत झाली की पहिल्या सोमवारी हजर व्हायचं.

त्याची बायको करुणा बारामतीला बँकेत आहे. नवरा परत येणार म्हणून तिनं मोठ्या खटपटीनं सोलापूरहून इकडं बदली करून घेतली होती. ती कामावरून परतताना माझ्या ओसरीवर टेकली. रडली वगैरे नाही. ती म्हणाली, त्याला जा म्हणायची माझी तयारी आहे, पुण्याला जाऊन आराम पडणार असेल तर मी एकटी राहीन, ते मला नवीन नाही. पण ती पेरूची झाडं त्यानं दर सुट्टीत स्वतः खड्डे घेऊन लावलीत. त्याला तिथंच राहायचं आहे आणि तो तोंडानं म्हणत नाही.

मग मी त्याच्याकडं गेले. त्याचा चुलतभाऊ सुमितही तिथं होता. सुमित महामार्गावर रुग्णवाहिका चालवतो. पालथी झालेली गाडी, आतली माणसं, हे तो रोज पाहतो. मी धम्मदीपला सरळ विचारलं की आवाजाची भीती वाटते का. त्यानं पेरू कापता कापता मान हलवली.

“आवाजाची न्हाय बाई. न सांगता येतो, त्येची. पलटणीत सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी व्हायची. समदे मोठ्यानं ओरडायचे. मग हुकूम मिळायचा, मग बार. तवा मी जवळ उभा राहून चहा प्यायचो.” त्यानं सुरी खाली ठेवली. “एकदा शिट्टी झाली न्हाय.”

सुमितनं फोडीला तिखटमीठ लावून त्याच्यापुढं धरली आणि स्वतःचं सांगायला लागला. त्याला फोनच्या घंटीचं असंच झालं होतं. घंटी वाजली की हातातलं पडायचं, मग ते ताट असो नाहीतर पोर. म्हणून बायकोनं फोनला कोकिळेचा आवाज लावून दिला. आठवडाभर बरं वाटलं. मग चैत्रात दारच्या आंब्यावर खरी कोकीळ बोलायला लागली आणि हा अंघोळ सोडून टॉवेलवर गाडीकडं पळायला लागला.

“आता मला झाडाचीबी भीती वाटती, दादा,” सुमित म्हणाला. धम्मदीप हसला. घरी आल्यापासून त्याला हसताना पुतळाबाईनं पहिल्यांदा पाहिलं. ती दारातून वळून आत गेली आणि उगाच भांडी वाजवायला लागली, आणि मग आवाज नको म्हणून एकदम थांबली.

त्या संध्याकाळी मी मुलांपुढं गणित मांडलं. आबाच्या रानातून हाक मारली तर हवालदाराच्या बागेपर्यंत पोचेल का? मुलांनी तिथंच ओरडून पाहिलं. नाही पोचत. मध्ये तीन ठिकाणी माणूस उभा केला तर? पोचते. मग बार काढायच्या आधी हाक दिली, ती रानारानांतून पुढं गेली, आणि हवालदारानं परत हुकूम दिल्यावरच बटण दाबलं तर? मुलं इतकी खूश झाली की त्या दिवशी पाढे झालेच नाहीत.

मोठ्यांना पटवणं अवघड होतं. आबा म्हणाला, हवालदारासाठी मी काय वाट्टेल ते करीन, पण त्याचा हुकूम येईस्तोवर राघूंना थांबा म्हणून कोण सांगणार? तोफ मात्र तानूबाईच्या हातात होती, आणि तिनं ठरवलं की थांबायचं. सकाळच्या बारानं आपण एका माणसाला त्याच्या आईसकट खाटेखाली घातलं हे कळल्यापासून ती पुतळाबाईच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. बाकीच्या रानवाल्यांनीही हो म्हटलं, थोडं धम्मदीपसाठी आणि बरंचसं आबाला थांबायला लागतंय हे बघायला.

पहिल्या दिवशी तानूबाईनं तोंडाभोवती दोन्ही हात धरून हाक दिली, “बार हाय रंऽऽ.” मधल्या रानातल्या माणसांनी ती पुढं दिली. शेवटच्या बांधावरच्या पोरांनी ती बागेत फेकली. धम्मदीप पेरूच्या झाडाला हात लावून उभा होता. सगळी वस्ती आपल्या हुकमासाठी थांबली आहे या कल्पनेनंच तो लाजून गेला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, “काढा.” ते झाडालाही ऐकू गेलं नसेल. तिकडं राघू आबाच्या ज्वारीची कणसं सोलत होते आणि आबा एका पायावर नाचत होता. पुतळाबाईनं कमरेवर हात ठेवून पोराला विचारलं की पलटणीत असाच बोलत होतास का, मग पगार कसा देत होते?

“काढाऽऽ,” धम्मदीप ओरडला, आणि तो आवाज असा निघाला की चारीपलीकडची म्हैस उठून उभी राहिली. हुकूम उलटा गेला, ढाम् झालं. धम्मदीपनं झाडाला मिठी मारली होती, डोळे मिटले होते, पण तो उभा होता.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. दिवसभर वस्तीवर हाका. धम्मदीप अंघोळीला बसला की नेमकी हाक यायची, मग डोक्याला साबण लावलेला हवालदार न्हाणीच्या भिंतीवरून मान वर काढून “थांबाऽऽ” म्हणायचा, ते थांबा रानारानांतून पळत जायचं, आणि तिकडं आबा बटणावरचा तानूबाईचा अंगठा बघत कळवळायचा. कधी तो जेवायला बसला की पुतळाबाईच त्याचा आवाज काढून “काढा” म्हणायची, पण तिचं कुणी मानायचं नाही. एकदा एवढी सोय झाल्यावर लोक बारापुरते थोडेच थांबणार? तानूबाईनं “ह्यांना जेवायला धाडा” असं पाठवलं आणि आबा येईपर्यंत मधल्या तिन्ही रानांतली माणसं त्याला वाटेत जेवायला जा म्हणून सांगत होती. कुणी विळा मागितला, कुणी तंबाखू. सुमित सुट्टीच्या दिवशी मधल्या बांधावर उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येक हाकेला शेवटी “जय भीम” जोडून पुढं द्यायचा. मग पलीकडून आबाचं “राम राम” परत यायचं, तेही पोचवावं लागायचं. खरा निरोप मध्ये कुठंतरी राहायचा.

आणि धम्मदीप रोज थोडा थोडा पुढं सरकत होता. आधी झाडाला मिठी, मग नुसता हात, मग बागेच्या कडेला, मग चारीवर. एके दिवशी तो तानूबाईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिनं हाक दिली, त्यानं तिथल्या तिथंच, अगदी हळू, हुकूम दिला. बार झाल्यावर त्याच्या कपाळावर घाम आला होता. तानूबाईनं पदर पुढं केला, त्यानं तो न बघताच घेऊन कपाळ पुसलं. मग कुणाचा पदर आहे हे कळल्यावर दोघंही लाजली.

गंमत पुढंच आहे. संक्रांतीच्या जरा आधी मुलं माझ्याकडं धावत आली. बाई, राघू हुकमाची वाटच बघत नाहीत. मी गेले पाहायला. तानूबाईनं “बार हाय रं” म्हटलं आणि सगळा थवा ज्वारीतून उठून कालव्याकडं निघून गेला. तोफेचं तोंड मोकळ्या आभाळाकडं. धम्मदीपचं “काढा” आलं तेव्हा काढायला समोर कुणी नव्हतं. त्या हाकेनंतर काय येतं हे राघूंना कळलं होतं. आमच्यापेक्षा लवकर कळलं.

आम्ही लगेच प्रयोग लावला. मुलांनी “बार हाय रं”च्या चालीवर “बाई हाय रंऽऽ” म्हटलं तरी राघू उडाले. मला जरा वाईट वाटलं. मग नुसतंच हळू आवाजात “बार हाय” म्हटलं, तर ढिम्म. म्हणजे ते शब्द नव्हे, चाल ओळखत होते. आबाला हे काही केल्या पटेना. त्यानं आपल्या मनानं एक भजनाची ओळ त्या चालीत बसवली आणि रानभर राघू उडवत फिरला. शेवटी घसा बसला तेव्हा मान्य केलं. कार्बाइडचा डबा फळीवर तसाच पडून राहिला. अधूनमधून राघू धीट झाले की एखादा बार काढावा लागायचा, पण तोही धम्मदीपला विचारून.

मला वाटलं, आता तो जात नाही. पुतळाबाईला तर खात्रीच होती. पण संक्रांत झाली आणि धम्मदीपनं पेटी बांधली.

मी विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, बार सोसतो मला आता. पण रात्री झोप लागत नाही ती नाहीच. आणि त्यापेक्षा दुसरंच त्याला टोचत होतं.

“एका माणसासाठी समदी वस्ती दिवसभर घसा फोडतीय, बाई. म्हातारी माणसं बांधावर उभी ऱ्हात्यात. आबाची निम्मी ज्वारी राघूंनी खाल्ली. मी सांभाळायचो लोकांना. आता लोकं मला सांभाळत्यात. ह्ये ओझं मला वागवत न्हाय.”

मी त्याला पुष्कळ सांगितलं. ते ओझं नाही, आनंदानं करतात सगळे. पण मुलाला उत्तर सांगून गणित येत नाही, ते त्याला स्वतःला सुटावं लागतं. मी उठून घरी आले.

शनिवारी दुपारी निघायचं ठरलं. सुमित कामावरून सुटला की येणार आणि त्याला बारामतीच्या स्टँडवर सोडणार. करुणानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सकाळी धम्मदीप सगळ्यांचा निरोप घेत घेत आबाच्या रानात गेला. आबाला जेवायचं होतं आणि तानूबाई दळण घेऊन सणसरला गेली होती. धम्मदीप म्हणाला, जेवून या, तोवर मी राखतो. आणि ज्वारीच्या मधोमध बांधलेल्या माळ्यावर चढून बसला.

शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मी मुलांना घेऊन त्याच्या निरोपासाठी निघाले. बांधावर आलो तर आबा ज्वारीच्या तोंडाशी पुतळ्यासारखा उभा. एक हात वर, एक बोट ओठांवर. मी पाहिलं. धम्मदीप माळ्यावर आडवा झाला होता. एक पाय खाली लोंबत होता, तोंड उघडं होतं आणि चांगला घोरत होता. त्याच्या भोवती, वर, खाली, जिकडं बघावं तिकडं राघू. एक तर माळ्याच्या काठीवर, त्याच्या पायापासून हातभर अंतरावर बसून कणीस खात होता.

एका मुलानं सवयीनं तोंडाभोवती हात धरले. आबानं झडप घालून त्याचं तोंड दाबलं.

“कुणी ओरडायचं न्हाय,” तो इतक्या हळू म्हणाला की आम्हाला ओठांवरून ओळखावं लागलं. “झोपलाय त्यो.”

मग त्यानं डोक्याचा फेटा सोडला. त्याची दोन टोकं दोन हातांत धरली आणि आदर्श शेतकरी ज्वारीत घुसला, फेटा पंखासारखा हलवत, चवड्यांवर उड्या मारत, तोंडातून अक्षर न काढता. राघूंनी त्याच्याकडं पाहिलं. थोडे उठले आणि दहा हात पलीकडं बसले. आबा तिकडं. ते इकडं.

मुलं कुणाच्या परवानगीला थांबतात? दप्तरं बांधावर टाकून, सदरे काढून ती आत पळाली. मी माझं वय आठवून एक क्षण थांबले, मग मीही पदर सोडून हलवायला लागले. पुतळाबाई पोराला बोलवायला आली होती, तिनं हातातली शिदोरी खाली ठेवली आणि डोक्यावरचा टॉवेल फिरवत शिरली. दळण घेऊन परत आलेल्या तानूबाईनं रिकामी पिशवी घेतली. सगळ्या वस्तीची माणसं एकेक करून येत गेली. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. माळ्याकडं बघायचं, आबाकडं बघायचं, आणि हाताला येईल ते घेऊन आत शिरायचं. अख्ख्या ज्वारीत माणसं मुक्यानं नाचत होती. हसू दाबून दाबून आमच्या पोटात गोळे आले होते. एका जागी मी आणि आबा धाटांतून एकदम समोरासमोर आलो, दोघांचेही हात पंखासारखे पसरलेले. त्याचे गाल फुगले, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आम्ही एकमेकांकडं पाठ करून पळालो. नाहीतर फुटलोच असतो.

सुमितची गाडी रस्त्यावर आली. त्याचा हात भोंग्याकडं जाताना पुतळाबाईनं धाटांतून पाहिलं आणि ती या वयात अशी धावली की थेट गाडीच्या नाकासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. सुमितनं गाडी तिथंच बंद केली. त्यानं माळ्याकडं पाहिलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा माळ्याकडं पाहिलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि रानात उतरला. पुण्याच्या गाडीची वेळ आली आणि गेली. सगळ्यांना ते कळलं होतं, पण कुणीच कुणाकडं पाहिलं नाही.

करुणा आली तेव्हा ऊन कललं होतं. बँकेत उशीर झाल्यानं नवरा गेलाच असणार असं धरून ती आली होती, चेहरा घट्ट करून. बांधावर येऊन तिनं समोर पाहिलं. तिची सासू टॉवेल फिरवतेय, तिच्या नवऱ्याच्या शाळेतल्या बाई पदर फडकावतायत, आबा उघड्या डोक्यानं उड्या मारतोय आणि मधोमध उंचावर नवरा घोरतोय. ती मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी तिचे खांदे हलत राहिले, आणि ती हसतेय की रडतेय हे आम्हाला कळेना. बहुतेक दोन्ही.

शेवटी धम्मदीपला कशानं जाग आली कोण जाणे. बहुतेक इतक्या शांततेनंच. तो उठून बसला, डोळे चोळले आणि खाली पाहिलं. आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो, हात वर तसेच.

“काय करताय तुमी समदे?” त्यानं विचारलं.

इतका वेळ हसू दाबून धरल्यावर तोंड उघडायची भीती वाटत होती. आबानंच दम खात उत्तर दिलं.

“राघू हाकतोय.”

“मग वरडायचं की.”

“तू झोपला व्हतास.”

धम्मदीपनं खालचा लोंबणारा पाय वर घेतला. तो एकेकाकडं बघत गेला. घामाघूम आबा, गालावर कोंडा चिकटलेली त्याची आई, चपला हातात घेतलेला सुमित, मी. आमच्या चेहऱ्यांवर जे होतं ते लपत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत पळापळी करताना पकडलेल्या पोरांसारखे आम्ही दिसत असणार.

“तुमाला मजा येतीय व्हय ह्यात?” तो हळूच म्हणाला.

“मग?” आबा म्हणाला. “तुझी झोप झाली आसंल तर परत नीज. आमचा डाव आर्धा ऱ्हायलाय.”

धम्मदीपनं मान खाली घातली. मग खिशातून फोन काढला. आम्ही ज्वारीत उभे राहून ऐकत होतो, एक धाटसुद्धा हललं नाही. पुण्याच्या साहेबांना त्यानं सांगितलं की येत नाही. पलीकडून कारण विचारलं असावं.

“झोप लागली, सायेब,” धम्मदीप म्हणाला.

पलीकडचा माणूस बरंच काही बोलला. धम्मदीपनं फोन कानापासून थोडा लांब धरला, सगळं ऐकून घेतलं, आणि नम्रपणे म्हणाला की नाही सायेब, प्यायलेलो न्हाय, खरंच झोप लागली. मग फोन ठेवला.

आबानं फेटा खांद्यावर टाकला. “हवालदार,” त्यानं विचारलं, “आता वरडू का?”

“वरडा.”

आबानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले, छाती भरून घेतली, आणि त्याला हसूच फुटलं. तो वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून हसत राहिला. तानूबाईनं ओरडून बघितलं, तिचाही शब्द बाहेर आला नाही. मग सुमित, मग पोरं, मग मी. माळ्यावर धम्मदीप काठीला धरून खदाखदा हसत होता आणि माळा करकरत होता. कुणालाही धड हाक देता आली नाही. राघू आजूबाजूच्या कणसांवर बसून, मान तिरकी करून आमच्याकडं बघत होते आणि खात होते.